साडेदहा अंशांची हद्द

सिडनीतल्या गिरावीनला माझी नणंद राहते. तिच्याकडे गणपतीत जमणाऱ्या बायकांना मी नक्की काय काम करते हे आजवर कळलेलं नाही. "ही कॅनबेराला पार्लमेंटमध्ये असते," अशी नणंद ओळख करून देते आणि समोरची बाई ताबडतोब विचारते, "मग पेरेंट व्हिसाचं काही होईल का हो?" एका काकूंनी तर मला खासदार समजून त्यांच्या रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार सांगितली होती. मी ती लिहून घेतली आणि सोमवारी त्यांच्या कौन्सिलला कळवली. खड्डा बुजला. तेव्हापासून त्या घरात माझा मान वाढलाय, कामाबद्दलचा गैरसमज मात्र पक्का झालाय.

तेव्हा या अंकाच्या निमित्तानं एकदा सांगून टाकते. मी खासदार नाही. मी खासदारांच्या एका समितीच्या कार्यालयात काम करते. आम्ही पाच जण आहोत आणि आमचं काम कागद वाचण्याचं आहे.

सरकार दुसऱ्या देशांशी करार करतं. व्यापार, मासेमारी, विमानं, पेन्शन, पळालेले गुन्हेगार, कशावरही. इथे करार करण्याचा अधिकार सरकारचा, संसदेचा नाही. मंत्री जाऊन सही करून येतात. पण सही झाली म्हणजे देश बांधला गेला असं नसतं. साखरपुडा झालाय, लग्न व्हायचंय, अशी ती मधली अवस्था असते. या मधल्या काळात सरकार तो करार संसदेपुढे ठेवतं आणि तो आमच्या समितीकडे येतो. समितीत दोन्ही सभागृहांचे आणि सगळ्या बाजूंचे खासदार असतात. ते करार तपासतात, लोकांकडून निवेदनं मागवतात, अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारतात आणि अहवाल देतात. अहवाल येईपर्यंत सरकारनं थांबायचं, असा शिरस्ता आहे. समितीला लग्न मोडता येत नाही. पण मुलाची चौकशी नीट झालीय का, हे भर मांडवात विचारणाऱ्या मामाचा अधिकार तिला आहे, आणि तो काही थोडाथोडका नसतो.

या चौकशीला मुदत असते. साध्या करारासाठी पंधरा दिवस, मोठ्यासाठी वीस. मात्र हे दिवस कॅलेंडरचे नव्हेत, सभागृहं बसतात ते दिवस. अधिवेशनं मधे मधे असल्यामुळे पंधरा दिवसांचे कधी तीन महिने होतात. हे दिवस मोजण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आलं, कारण मी पुण्यात संख्याशास्त्र शिकले आणि मला मोजायला आवडतं. घरात किती चमचे आहेत हेही मला माहीत असतं. माझा नवरा शिरीष हे माझ्या चांगल्या गुणांत धरत नाही.

जनतेकडून येणारी निवेदनं हा या नोकरीतला सगळ्यात रंगतदार भाग. विद्यापीठातले प्राध्यापक चाळीस पानं पाठवतात आणि तळटिपा वेगळ्या पाठवतात. एक गृहस्थ गेली कित्येक वर्षं प्रत्येक करारावर निवेदन देतात. विषय काहीही असो, ते नळाच्या पाण्यातल्या फ्लोराइडबद्दलच असतं, सगळं कॅपिटल अक्षरांत. बेल्जियमशी कराचा करार असो की पेंग्विनच्या रक्षणाचा, यांचं फ्लोराइड ठरलेलं. आम्ही प्रत्येकाला क्रमांक देतो, पोच पाठवतो आणि वाचतो. शेवटचं क्रियापद महत्त्वाचं आहे. कॅपिटल अक्षरांतला कागद आला की माणूस वाचण्याच्या आधीच थकतो, हे मी अनुभवानं सांगते.

आणि न वाचण्याची किंमत काय असते तेही सांगते. माझ्या सुरुवातीच्या काळात पेन्शनचा एक करार आला होता. ॲडलेडकडच्या एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांची नोकरीची वर्षं तीन देशांत विभागली गेली आहेत आणि या करारात तिसऱ्या देशातली वर्षं कुठेच धरली जाणार नाहीत. अधिकारी म्हणाले, असे लोक फार थोडे आहेत. मी अहवालाच्या मसुद्यात एक ओळ लिहिली: "एका निवेदनकर्तीने चिंता व्यक्त केली." ओळ बिनचूक होती. अहवाल मंजूर झाला, करार लागू झाला. नंतर त्या बाईंचं दोन ओळींचं पत्र आलं, वाचल्याबद्दल आभार म्हणून. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला अजून टोचतं. मी त्यांचं निवेदन वाचलं होतं, पण त्यातली वर्षं मांडून, बेरीज करून बघितली नव्हती.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

काही वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका शेजारी देशाशी मासेमारीच्या हद्दीचा करार आला. देशाचं आणि खात्याचं नाव मी लिहीत नाही, कारण चूक एका टेबलावर झाली होती आणि ती आता सुधारली आहे. समुद्रात एक रेषा ठरवायची होती. रेषेच्या अलीकडे आपल्या बोटी, पलीकडे त्यांच्या. पाण्यावर खडूनं रेघ ओढता येत नाही, म्हणून ती बिंदूंनी लिहितात. कराराच्या परिशिष्टात तेवीस बिंदू होते, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश दिलेले, अंश, मिनिटं आणि सेकंदांत. सोबत एक छान रंगीत नकाशाही जोडला होता.

परिशिष्ट तपासणं माझं काम. मी बिंदू मोजले, तेवीस भरले. कुठे साठाच्या वर मिनिटं नाहीत ना ते बघितलं, नव्हती. क्रम बघितला. बाकीच्या बिंदूंचे सेकंद आडनिडे होते, छत्तीस, एकोणीस, बावन्न असे. अकराव्या बिंदूला मात्र दहा अंश, पन्नास मिनिटं, शून्य सेकंद. चला, एक तरी गोल आकडा आहे, असं वाटून मला बरं वाटलं. मी यादीत खूण केली: परिशिष्ट तपासलं.

निवेदनांची मुदत संपली. आठ आली होती. सुनावणी पुढच्या मंगळवारी होती आणि तिच्यानंतर अहवालाला बैठकीचे चारच दिवस उरत होते. मुदत संपल्यावर दोन दिवसांनी नववं आलं. एक पान, हातानं लिहिलेलं, सगळं कॅपिटल अक्षरांत.

मी ते चहा संपेपर्यंत बाजूला ठेवलं. हे कबूल करायला हवं.

मग वाचलं. लिहिणारे नोएल नावाचे उत्तर क्वीन्सलंडमधल्या एका छोट्या गावचे मच्छीमार. वडिलांच्या काळापासून एकाच रीफवर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या प्रवाळाच्या खडकावर, त्यांचा धंदा. फ्लोराइडचं नाव नव्हतं. मजकूर असा होता: "तुमच्या यादीतले आकडे मी माझ्या बोटीवरच्या नकाशा दाखवणाऱ्या प्लॉटरमध्ये घातले. अकरा नंबरला रेषा खाली घसरते आणि माझी रीफ पलीकडे जाते. तुमच्या नकाशात ती अलीकडेच आहे. तुम्ही आकडे धरता की नकाशा? रीफ गेली तर मी बोट विकीन. कळवा."

मी परिशिष्ट पुन्हा उघडलं. दहा, पन्नास, शून्य. माझा गोल आकडा.

एका अंशात साठ मिनिटं असतात, तासासारखीच. साडेदहा वाजले म्हणजे दहा वाजून पन्नास मिनिटं झाली असं कुणी म्हणत नाही. पण यंत्रावर साडेदहा अंश हे दहा, टिंब, पन्नास असे दिसतात. ते बघून कुणी 'दहा अंश पन्नास मिनिटं' लिहून टाकलं असेल तर? खरा आकडा दहा अंश तीस मिनिटं. फरक वीस मिनिटांचा, आणि समुद्रावर अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. रेषा त्या जागी वीस मैल दक्षिणेला, म्हणजे आपल्या बाजूला घसरणार होती.

मी खात्यात फोन केला. पलीकडचा मुलगा फार गोड होता. "परिशिष्ट तीन ठिकाणी तपासलंय," तो म्हणाला. "नो वरीज."

तीन ठिकाणी! चौथं ठिकाण मी होते आणि मी काय तपासलं होतं ते मला माहीत होतं.

त्या रविवारी सकाळी मी स्टेशनरीच्या दुकानातून आलेखाचे मोठे कागद आणले आणि डायनिंग टेबलवर चिकटवून तेवीसच्या तेवीस बिंदू हातानं मांडले. ऑफिसात संगणकावर झालं असतं, पण हातानं मांडल्याशिवाय माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

शिरीष पोह्यांची बशी घेऊन उभा. "खायचं कुठे?"

"बाल्कनीत."

"ऑस्ट्रेलियाची सरहद्द माझ्या टेबलवर का आहे?"

"तिकडे एक खड्डा पडलाय म्हणून."

तो वाकून बघायला लागला. रेषा छान तिरकी चालली होती आणि मधेच अकराव्या बिंदूवर दात पडल्यासारखी खाली उतरून परत वर चढली होती. "हे काय," तो म्हणाला, "हे तर मलाही दिसतंय." माझा नवरा घरात चमचे कुठे असतात ते शोधू शकत नाही. त्याला दिसलं तेव्हा मला खात्री पटली.

सोमवारी मी हेलनकडे गेले. हेलन आमची प्रमुख. कडक, फार कमी बोलणारी, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी कागद पसरला. तिनं बराच वेळ बघितलं.

"निवेदन उशिरा आलंय," ती म्हणाली.

"समितीनं ठराव केला तर घेता येतं."

"ते मला माहीत आहे. तू चुकली असलीस तर काय होईल ते तुला माहीत आहे ना? अध्यक्ष सहा अधिकाऱ्यांना भर सुनावणीत विचारणार आणि ते हसणार. पुढच्या दहा करारांत आपलं कुणी ऐकणार नाही."

"मी तीनदा मांडलंय. आणि हेलन, परिशिष्ट तपासल्याची खूण माझी आहे. ती चूक होती."

तिनं कागद गुंडाळून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "हे तू स्वतः सांग त्यांना."

आमचे अध्यक्ष आधी वकिली करायचे. आवाज न चढवणारे गृहस्थ. मी त्यांना त्यांच्या खोलीत सगळं सांगितलं, माझ्या खुणेसकट. चौदा वर्षांच्या नोकरीत खासदारापुढे स्वतःची चूक सांगायची वेळ आली ती तेवढी एकदाच.

"तुम्ही आधी कसं तपासलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मोजलं होतं. आखलं नव्हतं."

"आता आखलंय?"

"हो."

"मग मी विचारतो." त्यांनी नोएलचा कागद घडी घालून वरच्या खिशात ठेवला. "हा माणूस प्रश्न फार चांगला विचारतो. तोच वापरू."

मंगळवारी दहाला सुनावणी सुरू झाली. समोर सहा अधिकारी ओळीनं, पुढ्यात जाड फाइली. पहिल्या ठरावात निवेदन क्रमांक नऊ दाखल करून घेतलं. अधिकाऱ्यांच्या प्रमुखांनी प्रास्ताविक केलं, दोन्ही देशांच्या संबंधांत हा कसा मोठा टप्पा आहे ते सांगितलं. दोन सदस्यांनी माशांच्या साठ्याबद्दल विचारलं. मी मागच्या खुर्चीवर बसून घड्याळ बघत होते. अकराला दहा मिनिटं असताना अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"एक साधा प्रश्न. ही रेषा म्हणजे नकाशावर दाखवलीय ती, की परिशिष्टात आकड्यांनी लिहिलीय ती?"

"दोन्ही एकच आहेत, अध्यक्ष महोदय."

"नसल्या तर?"

"तर आकडे ग्राह्य. करारात तसं कलम आहे. नकाशा फक्त समजण्यासाठी."

"छान. मग बिंदू अकराचा अक्षांश मोठ्यानं वाचता का?"

"दहा अंश, पन्नास मिनिटं, शून्य सेकंद, दक्षिण."

"आता तो तुमच्या नकाशावर कुठे आहे ते दाखवा."

पानं उलटल्याचा आवाज आला. सहाच्या सहा डोकी एका नकाशावर वाकली होती. डावीकडच्या अधिकाऱ्यानं पट्टी काढली, कडेच्या अंशांवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. प्रमुखांचे कान हळूहळू लाल झाले.

"आम्ही हा प्रश्न नोटिसवर घेतो," ते म्हणाले. म्हणजे नंतर लेखी उत्तर देऊ. सरकारी माणसाची ती हक्काची पळवाट, रोज कुणी ना कुणी तिथून जातं.

"नका घेऊ," अध्यक्ष अगदी प्रेमानं म्हणाले. "आपण साडेबारापर्यंत बसलोय. बाहेर फोन आहे. आम्ही चहा घेतो."

मी तो चहा प्यायले नाही. कप हातात धरून कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. हेलन शेजारी येऊन उभी राहिली. मी मनात तेवीसही बिंदू पुन्हा म्हणून बघितले.

पंचवीस मिनिटांनी अधिकाऱ्यांचे प्रमुख आत आले आणि बसण्याआधीच बोलू लागले. "बिंदू अकरा वाटाघाटींच्या अगदी शेवटच्या फेरीत घातला गेला. बाकीचे बिंदू जुन्या यादीतून आलेले होते, हा एकटा दुसऱ्या कार्यालयातून दशांशात आला. साडेदहा अंश. नकाशा त्यावरूनच काढलाय, तो बरोबर आहे. परिशिष्टात उतरवताना..." ते थांबले. त्यांना अंग काढून घेणारं सोपं वाक्य सापडत होतं, पण त्यांनी ते वापरलं नाही. "परिशिष्टात आम्ही चुकलो. निवेदन क्रमांक नऊचे आम्ही आभारी आहोत."

मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

सुनावणीत टाळ्या वाजवायची पद्धत नाही. पण विरोधी बाजूच्या एका सदस्यांनी टेबलावर हळूच दोन बोटं वाजवली आणि सरकारी बाजूच्या बाईंनी त्यांना साथ दिली. करार सरकारचा, चूक सरकारी, आणि ती पकडण्यात दोन्ही बाकं एक. मी इतक्या वर्षांत हे क्वचितच बघितलंय. ज्यांना संसद म्हणजे टीव्हीवरची आरडाओरड वाटते त्यांना मी हे सांगते.

बाहेर आल्यावर हेलन म्हणाली, "आता हसलीस तरी चालेल."

"मी हसतेच आहे."

"कळत नाहीये," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

समितीनं एकमतानं अहवाल दिला. आधी परिशिष्ट दुरुस्त करा, मगच देशाला बांधा. शेजारी देशानं खळखळ केली नाही, त्यांच्याकडेही तोच नकाशा भिंतीवर होता. दोन्ही बाजूंनी पत्रं दिली, घेतली. पन्नासच्या जागी तीस. हीच चूक करार लागू झाल्यावर सापडली असती, पलीकडच्या बोटींना त्या पाण्यात परवाने दिले गेले असते, तर ती पत्रं कुणी इतक्या आनंदानं दिली नसती.

लोक म्हणतात, तुमची समिती नुसत्या शिफारशी करते, दात नसलेली. मी वाद घालत नाही. एका देशानं दुसऱ्याशी केलेल्या करारातला आकडा एका मच्छीमाराच्या एका पानामुळे बदलला. तो अहवाल कुणालाही वाचता येतो. आमच्या तपासणीच्या यादीत तेव्हापासून एक जास्तीची ओळ आहे: "परिशिष्ट आखून बघितले." ती मी लिहिली. ॲडलेडच्या बाईंना तिचा काही उपयोग नाही, हेही मला माहीत आहे.

नोएलना मी प्रत्येक टप्प्याला फोन करत होते. त्यांना 'शिफारस', 'दुरुस्तीपत्र' यांत काडीचा रस नव्हता. ते दर वेळी एकच विचारायचे, "बोट विकू की ठेवू?" आणि मी नियमानं सांगायची, "अजून मला काही सांगता येणार नाही." ते म्हणायचे, "बरं, लव्ह," (तिकडे कुणाही बाईला असंच म्हणतात) आणि फोन ठेवून द्यायचे.

करार लागू झाला त्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. खरखर, वारा, मग उशिरानं पोचणारा त्यांचा आवाज. सॅटेलाइट फोन होता.

"ओहोटी आहे," नोएल ओरडत होते. "मी रीफवर उभा आहे. वाच तुझा अकरा नंबर."

मी छापील प्रत समोर ओढली. "दहा अंश तीस मिनिटं दक्षिण."

"माझ्या हातातलं यंत्र म्हणतंय दहा एकेचाळीस."

"म्हणजे तुम्ही अकरा मैल अलीकडे आहात. आपल्या बाजूला."

"नक्की?"

"नक्की. आता सांगता येतं."

मी बोटीबद्दल विचारणार होते. पण त्यांनी फोन तोंडापासून दूर धरला असावा, कारण पुढचं ते मला म्हणालेच नाहीत. बहुधा बोटीवर थांबलेल्या आपल्या माणसांना ते सगळा जीव एकवटून हाक मारत होते.

"चला रे, उतरा खाली! कामाला लागा! आपलीच आहे!"